विश्लेषण : फ्लोरेन्सची चित्रे फ्लोरेन्समध्येच कशी राहिली? मेदिची घराण्याच्या शेवटच्या वारसाची कहाणी

इटलीच्या सहलीत फ्लोरेन्सच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. सकाळी कॅथेड्रल, दुपारी उफिझी संग्रहालय, संध्याकाळी अर्नो नदीवरचा जुना पूल आणि मग बस पुढच्या शहराकडे. तेवढ्या वेळात बोत्तिचेल्लीची ‘व्हीनसचा जन्म’, तिशियनची ‘उर्बिनोची व्हीनस’, राफाएलच्या मॅडोना असे बरेच काही डोळ्यांखालून जाते. ही चित्रे इथे आहेत याचे कुणाला आश्चर्य वाटत नाही. फ्लोरेन्सची चित्रे फ्लोरेन्समध्ये नसतील तर कुठे असतील?

पण इटलीतल्या इतर शहरांचा इतिहास पाहिला तर ही गोष्ट साधी नाही हे कळते. मांतुआच्या राजघराण्याची चित्रे लंडनला गेली, मोडेनाची निवडक चित्रे ड्रेस्डेनला आणि पार्माचा संग्रह नेपल्सला. त्या त्या राजवाड्यांत आज गेले तर भिंती पाहायला मिळतात; भिंतींवर जे होते ते पाहायला दुसऱ्या शहराचे तिकीट काढावे लागते. फ्लोरेन्सवर ही पाळी आली नाही याचे श्रेय १७३७ मधील एका कराराच्या एका कलमाला आणि ते कलम घालून घेणाऱ्या ७० वर्षांच्या निपुत्रिक विधवेला जाते. तिचे नाव ॲना मारिया लुईसा दे मेदिची.

मेदिची घराणे आणि चित्रे यांचा संबंध काय?

मेदिची मूळचे सावकार. १३९७मध्ये त्यांनी बँक काढली, १४३४पासून शहराचा कारभार पडद्याआडून आणि पुढे उघडपणे त्यांच्या हाती आला. १५६९मध्ये पोपने कोसिमो पहिला याला टस्कनीचा ग्रँड ड्यूक केले. याच कोसिमोने १५६०मध्ये वास्तुकार आणि चित्रकार जॉर्जो वासारी याला सरकारी कचेऱ्यांसाठी इमारत बांधायला सांगितली. उफिझी या शब्दाचा अर्थच कचेऱ्या. कोसिमोचा मुलगा फ्रान्चेस्को याने १५८१मध्ये वरच्या मजल्यावर पुतळे आणि चित्रे मांडायला सुरुवात केली. खाली कारकून, वर कला अशी ही व्यवस्था दीर्घकाळ चालली.

नदीपलीकडचा पित्ती राजवाडा १५४९मध्ये कोसिमोची पत्नी एलिओनोरा हिने विकत घेतला होता. कचेरी आणि राजवाडा यांना जोडणारा, पुलावरून जाणारा बंदिस्त रस्ता वासारीने १५६५मध्ये जेमतेम पाच महिन्यांत उभा केला. राजघराण्याला रस्त्यावर न उतरता कामावर जाता यावे हा त्यामागचा हेतू. अनेक वर्षे बंद असलेला हा मार्ग डिसेंबर २०२४मध्ये पर्यटकांसाठी पुन्हा खुला झाला.

म्हणजे आज जी संग्रहालये आपण पाहतो ती एका कुटुंबाचे घर, कचेरी आणि गावाबाहेरचे वाडे होती. त्यातल्या वस्तू घराण्याच्या खासगी मालकीच्या होत्या. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

आजीकडून मिळालेला धडा

ॲना मारिया लुईसाचा जन्म ११ ऑगस्ट १६६७ रोजी झाला. वडील कोसिमो तिसरा, अतिशय धार्मिक आणि हट्टी. आई मार्गरित लुईज ही फ्रान्सचा राजा चौदावा लुई याची चुलत बहीण. तिला फ्लोरेन्सही आवडले नाही आणि नवराही. १६७५मध्ये ती फ्रान्सला निघून गेली ती परत आलीच नाही. त्या वेळी मुलगी आठ वर्षांचीही नव्हती. तिला वाढवले आजीने.

ही आजी म्हणजे व्हिट्टोरिया डेला रोव्हेरे. ती उर्बिनोच्या राजघराण्याची शेवटची वारस होती. १६३१मध्ये तिचे आजोबा वारले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. राज्य पोपकडे गेले, कारण मुलीला गादी मिळत नव्हती. पण जंगम मालमत्ता तिच्या वाट्याला आली आणि ती सारी फ्लोरेन्सला आणण्यात आली. तिशियनची उर्बिनोची व्हीनस, पिएरो डेला फ्रान्चेस्काने रंगवलेली उर्बिनोच्या ड्यूक आणि डचेसची प्रसिद्ध जोडचित्रे, राफाएलची काही चित्रे हे सारे या एका मुलीच्या वारशातून आले. राफाएल तर उर्बिनोचाच सुपुत्र. फ्लोरेन्स श्रीमंत झाले आणि उर्बिनोचा राजवाडा रिकामा झाला.

घराणे संपले की राज्य एकीकडे जाते, चित्रे दुसरीकडे आणि गाव मागे उरते, याचे उदाहरण ॲना मारियाच्या घरातच, तिला वाढवणाऱ्या बाईच्या रूपाने होते. तिने यातून जाणीवपूर्वक काही बोध घेतला की नाही, याचा कागदोपत्री पुरावा मागणाऱ्याला निराश व्हावे लागेल. पण १७३७मधला करार वाचताना उर्बिनो आठवत नाही असेही होत नाही.

ड्युसेलडॉर्फची २६ वर्षे

१६९१मध्ये तिचे लग्न जर्मनीतील पॅलाटिनेटचा राजा योहान विल्हेल्म याच्याशी झाले. पवित्र रोमन सम्राट निवडण्याचा अधिकार असलेल्या मोजक्या राजांपैकी हा एक, शिवाय त्याची बहीण सम्राटाची पत्नी. राजकीयदृष्ट्या मेदिचींसाठी हे उत्तम स्थळ होते. लग्न फ्लोरेन्समध्ये वराच्या गैरहजेरीत, प्रतिनिधीमार्फत लागले आणि वधू ड्युसेलडॉर्फला गेली.

हा संसार सुखाचा झाला. दोघांनाही संगीत, नृत्य, शिकार आणि चित्रे यांची आवड होती. योहान विल्हेल्मने केवळ चित्रांसाठी स्वतंत्र इमारत बांधली; १७०९मध्ये काम सुरू झाले आणि तेथे रुबेन्सच्या चित्रांचा युरोपातील एक मोठा संग्रह मांडला गेला. ॲम्स्टरडॅमची चित्रकर्ती राखेल रॉइश हिला त्याने दरबारी चित्रकार नेमले. तिने १७११मध्ये रंगवलेले फळे आणि कीटक यांचे छोटेसे चित्र सासऱ्याला भेट म्हणून फ्लोरेन्सला गेले. ते आजही उफिझीत आहे. फार लोक तिथे थांबत नाहीत. थांबावे असे ते आहे.

मूल मात्र झाले नाही. १७१६मध्ये पती वारला आणि पुढच्या वर्षी ती फ्लोरेन्सला परतली. ड्युसेलडॉर्फच्या त्या संग्रहाचे पुढे काय झाले हे सांगितले पाहिजे. तो १९व्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकला हलवला गेला आणि परत आला नाही. रुबेन्सचे मरियेच्या स्वर्गारोहणाचे एक प्रचंड चित्र हलवणे जड गेले म्हणून मागे राहिले. पॅलाटिनेटच्या दरबारात चित्रे गावाशी बांधून ठेवणारा असा करार कुणी केला नव्हता.

वारस कोण, हा प्रश्न युरोपभर का गाजला?

ती परतली तेव्हा माहेरची अवस्था बिकट होती. थोरला भाऊ फर्डिनांडो १७१३मध्येच निपुत्रिक वारला होता. हा मोठा रसिक. पियानोचा जनक बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी त्याच्याच नोकरीत होता आणि पार्मिजानिनोची ‘लांब मानेची मॅडोना’ त्यानेच मिळवली. धाकटा भाऊ जान गास्तोने याचे लग्न ॲना मारियाने स्वतः, पतीच्या विधवा भावजयीशी जुळवून दिले होते. त्या पत्नीने बोहेमियातील आपला वाडा सोडून फ्लोरेन्सला यायला नकार दिला. वैतागलेला गास्तोने १७०८मध्ये एकटाच परतला. त्याने बहिणीला याबद्दल कधी माफ केले नाही. घराणे चालावे म्हणून काका फ्रान्चेस्को मारिया याला वयाच्या ४८व्या वर्षी कार्डिनलपद सोडून बोहल्यावर चढवण्यात आले. तोही दोन वर्षांत वारला, मूल नाहीच.

हताश झालेल्या कोसिमोने १७१३मध्ये सिनेटकडून कायदा करून घेतला, की पुरुष वारस संपल्यास गादी ॲना मारियाकडे जाईल. सम्राट सहावा चार्ल्स याने त्यावर हरकत घेतली. टस्कनी हा साम्राज्याचा मुलूख आहे, त्याचा निर्णय फ्लोरेन्सने करायचा नाही, असे त्याचे म्हणणे. १७१८मध्ये बड्या सत्तांनी टस्कनी स्पेनच्या राजपुत्राला, डॉन कार्लोसला देऊन टाकले. ना बापाला विचारले, ना मुलाला, ना मुलीला.

कोसिमो ३१ ऑक्टोबर १७२३ रोजी वारला. गास्तोने गादीवर आला आणि बहिणीला राजकारणातून दूर केले. ती बराच काळ शहराबाहेरच्या ‘ला क्विएते’ या वाड्यात राहिली. १७३२मध्ये डॉन कार्लोस स्वतः भावी वारस म्हणून फ्लोरेन्सला आला. मग पोलंडच्या गादीवरून युद्ध पेटले. त्याने नेपल्स जिंकून घेतले आणि तहाच्या वाटाघाटींत टस्कनीची पुन्हा अदलाबदल झाली. लॉरेनचा ड्यूक फ्रान्सिस याने आपले राज्य पोलंडच्या पदच्युत राजासाठी सोडायचे आणि बदल्यात टस्कनी घ्यायचे, असे १७३५मध्ये ठरले. फ्रान्सिसचे लग्न सम्राटाची मुलगी मारिया थेरेसा हिच्याशी व्हायचे होते. आपल्या बुद्धिबळात प्यादे सरकवावे तसे राज्य सरकवले गेले.

याच काळात एक गोष्ट घडली. डॉन कार्लोसला आईकडून पार्माच्या फार्नेसे घराण्याचा वारसा मिळाला होता. नेपल्सचा राजा होताच त्याने पार्माच्या राजवाड्यातील चित्रे आणि मौल्यवान वस्तू नेपल्सला हलवायला सुरुवात केली. तिशियनने रंगवलेले पोप पॉल तिसरा आणि त्याचे नातू यांचे चित्र आज नेपल्समध्ये आहे ते त्यामुळे. म्हणजे जो राजपुत्र काही काळापूर्वी मेदिचींचा वारस म्हणून फ्लोरेन्समध्ये वावरत होता, तोच आता दुसऱ्या एका शहराचा संग्रह उचलून नेत होता. टस्कनी त्याच्याकडे गेले असते तर उफिझीचे काय झाले असते, याचा अंदाज करायला कल्पनाशक्तीची गरज नाही.

कौटुंबिक करारात नेमके काय होते?

९ जुलै १७३७ रोजी जान गास्तोने वारला आणि मेदिचींची सत्ता संपली. राज्य फ्रान्सिसकडे गेले. पण राजघराण्याची खासगी मालमत्ता? राज्य कुणाला द्यायचे हे बड्या सत्ता ठरवू शकत होत्या. घरातले चित्र, पुतळा, पुस्तक कुणाचे हे मात्र वारसा हक्काने ठरणार होते. आणि जवळची वारस होती ॲना मारिया. गादीसाठी तिचे स्त्री असणे आड आले, मालमत्तेसाठी आले नाही. फ्रान्सिसला राजवाडे रिकामे नको होते आणि भविष्यात दुसरा कुणी दावेदार उभा राहायलाही नको होता. त्याला तिची सही हवी होती. तिच्या हातात एवढा एकच पत्ता होता आणि तो तिने नीट खेळला.

करार व्हिएन्नात ३१ ऑक्टोबर १७३७ रोजी झाला, योगायोगाने वडिलांच्या मृत्यूला बरोबर १४ वर्षे पूर्ण होत असताना. इतिहासात तो कौटुंबिक करार म्हणूनच ओळखला जातो. त्यातील तिसऱ्या कलमाने तिने चित्रसंग्रह, पुतळे, ग्रंथालये, रत्ने, पवित्र अवशेष आणि इतर मौल्यवान चीजवस्तू नव्या ग्रँड ड्यूकला आणि त्याच्या वारसांना दिल्या. अट एकच. राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परदेशी पाहुण्यांना वाटणारे कुतूहल यांसाठी असलेली यातली कोणतीही वस्तू राजधानी आणि राज्य यांच्या बाहेर नेता येणार नाही.

या अटीत तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक तर वस्तू व्यक्तीशी नव्हे, जागेशी बांधल्या गेल्या. मालक बदलला तरी भिंत बदलणार नव्हती. दुसरे, लोकांचा उपयोग हे कारण १७३७मध्ये, लूव्र संग्रहालय उघडण्याच्या ५६ वर्षे आधी लिहिले गेले. आणि तिसरे, परदेशी पाहुणे! त्या काळी इंग्लंडमधील श्रीमंत घरांतील तरुण शिक्षण पुरे करायला म्हणून इटलीची लांबलचक सफर करत. ते येतात, राहतात, पैसे खर्च करतात हे तिला दिसत होते. पर्यटन हा शब्द रूढ होण्याच्या आधीचा हा पर्यटनाचा विचार आहे.

या करारात आवडीनिवडीला वाव नव्हता, हेही त्याचे मोठे बळ. बोत्तिचेल्लीची व्हीनस त्या वेळी शहराबाहेर कास्तेल्लोच्या वाड्यात होती. तो चित्रकार तेव्हा जवळजवळ विस्मृतीत गेला होता. नामांकित चित्रांचीच यादी केली असती तर त्याचे नाव त्यात आले असते का, शंकाच आहे. १८१५मध्ये ते चित्र उफिझीत आले आणि १९व्या शतकात जगाने त्याला पुन्हा डोक्यावर घेतले.

या कराराला फ्लोरेन्समध्ये अनेकदा दान म्हटले जाते. पण दान एकतर्फी असते. इथे दोन्ही बाजूंना काही मिळाले, आणि सौदा होता म्हणूनच तो बंधनकारक ठरला. तिच्या पश्चात कुणी कृतज्ञ राहील या भरवशावर तिने काही सोडले नाही.

आणखी एक. मायकलअँजेलोचा ‘डेव्हिड’ या कराराचा भाग नव्हे. तो मेदिची कुटुंबाच्या मालकीचा नव्हताच. तो १८७३पर्यंत शहराच्या मुख्य चौकात उभा होता आणि मग अकादमी संग्रहालयात गेला.

करार पाळला गेला का?

बहुतांशी. फ्रान्सिस १७३९मध्ये फ्लोरेन्सला आला, तीन महिने राहिला आणि पुन्हा कधी आला नाही. राज्य व्हिएन्नाहून चालले. दागिन्यांच्या बाबतीत करार ढिला पडला. मेदिचींचा १३७ कॅरटचा पिवळसर ‘फ्लोरेन्टाइन’ हिरा व्हिएन्नाला गेला. सतराव्या शतकात भारतात हिऱ्यांचा व्यापार करणाऱ्या फ्रेंच प्रवासी टॅव्हर्नियरने त्याची नोंद केली आहे. त्या काळचे मोठे हिरे भारतातूनच येत, त्यामुळे हाही भारतीयच मानला जातो. पहिल्या महायुद्धानंतर तो गायब झाल्याचे समजले जात होते. तो कॅनडातील बँकेच्या तिजोरीत सुरक्षित असल्याचे हॅब्सबर्ग कुटुंबाने २०२५मध्ये जाहीर केले.

चित्रे मात्र राहिली. फ्रान्सिसचा मुलगा पीटर लिओपोल्ड १७६५मध्ये फ्लोरेन्समध्ये राहायला आला आणि त्याने १७६९मध्ये उफिझी सर्वसामान्यांसाठी खुले केले. पाहुण्यांची रीघ इतकी लागली, की तीच एका चित्राचा विषय झाली. योहान झोफनी याने १७७०च्या दशकात इंग्लंडच्या राणीसाठी उफिझीतील अष्टकोनी दालन रंगवले, त्यात उर्बिनोच्या व्हीनसभोवती इंग्रज रसिकांची गर्दी आहे. हाच झोफनी पुढे भारतात आला आणि लखनौ, कोलकात्यात अनेक चित्रे करून गेला.

तोफांपुढे कराराचे काही चालले नाही. १७९९मध्ये फ्रेंच सैन्याने पित्ती राजवाड्यातील ६३ चित्रे पॅरिसला नेली. मेदिची व्हीनस हा प्राचीन संगमरवरी पुतळाही पुढे पॅरिसला गेला. नेपोलियनच्या पाडावानंतर हा पुतळा आणि राजवाड्यातील चित्रे परत आली. एकसंध इटलीचे राज्य झाले तेव्हा हे सारे सरकारच्या ताब्यात आले. पण ते रोमला हलवले गेले नाही.

ॲना मारिया कुठे भेटते?

शेवटची वर्षे तिने पित्ती राजवाड्यात काढली. सान लोरेन्झो हे मेदिचींचे कुलचर्च. तिथले अपुरे काम पुढे नेण्यासाठी तिने स्वतःचा पैसा खर्च केला. चर्चचा आजचा घंटामनोरा तिच्याच खर्चाने झाला. १८ फेब्रुवारी १७४३ रोजी ती वारली आणि त्याच चर्चच्या तळघरात तिचे दफन झाले. तिच्यानंतर त्या घराण्याच्या सत्ताधारी शाखेत कुणी उरले नाही.

आज उफिझी, पित्ती आणि बोबोली उद्यान मिळून वर्षाला ५० लाखांहून अधिक लोक भेट देतात. एकच दिवस असेल तर सोमवार टाळावा, उफिझी आणि पित्ती दोन्ही त्या दिवशी बंद असतात. उफिझीचे तिकीट आधी काढून ठेवावे. पित्तीमध्ये चित्रे राजवाड्यात होती तशीच, भिंतभर, एकावर एक लावलेली आहेत. काळानुसार मांडलेले संग्रहालय पाहायची सवय असलेल्याला ते सुरुवातीला गोंधळाचे वाटते, पण ती सारी एका घरातली होती हे तिथेच नीट कळते.

सान लोरेन्झोच्या मागच्या बाजूने मेदिची स्मारकात प्रवेश आहे. बहुतेक पर्यटक तळघरातून घाईने वर, मायकलअँजेलोचे पुतळे पाहायला जातात. ॲना मारियाची कबर खाली आहे. दरवर्षी १८ फेब्रुवारीला शहराच्या वतीने तिथे पुष्पचक्र वाहिले जाते आणि त्या दिवशी महापालिकेच्या संग्रहालयांना तिकीट नसते.